वाढदिवसाला दिलेलं हॅरी पॉटर परत आलं. काय म्हणावं?

सायली_शार्लट | 9 ऑक्टोबर, 21:14

लेक नऊ वर्षांची. शाळेतली तिची एक जिवलग मैत्रीण आहे, दोघी एकमेकींशिवाय डबा उघडत नाहीत. गेल्या शनिवारी त्या मैत्रिणीचा वाढदिवस झाला. लेकीने हट्ट करून हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक घ्यायला लावलं, चित्रं असलेली जाडजूड आवृत्ती. पहिल्या पानावर जांभळ्या शाईने मैत्रिणीचं नाव लिहिलं, शेजारी एक घुबड काढलं. (घुबड बटाट्यासारखं झालं होतं, पण ते असो.)

सोमवारी शाळा सुटताना गाड्यांच्या रांगेत उभी होते. मैत्रिणीची आई माझ्या खिडकीशी आली. हातात तीच पिशवी, वरचा कागदसुद्धा होता तसा घडी घालून ठेवलेला. म्हणाली, मनावर घेऊ नका, पण चेटूक-जादूटोण्याची पुस्तकं आम्ही घरात ठेवत नाही. बाई अगदी गोड आहे. तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. मी हसून "नो प्रॉब्लेम" म्हटलं आणि गाडी काढली.

लेकीने मागच्या सीटवरून विचारलं, "तिला आवडलं नाही का?" मी ठोकून दिलं की त्यांच्याकडे आधीपासूनच आहे.

इथे अमेरिकेत, शार्लटला, चर्चला जाणारी मंडळी पुष्कळ आहेत हे ठाऊक होतं, पण हा अनुभव पहिलाच. असं सर्रास होतं का? या आक्षेपात नक्की काय आहे? आणि लेकीला काय सांगू? कारण थाप फार दिवस टिकणार नाही.

बोक्या_पुणेकर | 9 ऑक्टोबर, 21:31

पुण्यात कुणी भेट परत करत नाही. तीच भेट पुढच्या वाढदिवसाला दुसऱ्याला देतात. पहिल्या पानावर नाव लिहून तुम्ही त्यांची पंचाईत केलीत.

मोडकतोडक | 9 ऑक्टोबर, 21:33

खिक्क. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तर्कटराव | 9 ऑक्टोबर, 22:05

यात समजून घेण्यासारखं काय आहे? एकविसाव्या शतकात, चंद्रावर माणूस पाठवलेल्या देशात, लोक पुस्तकातल्या मंत्राला घाबरतात. मुलीला स्वच्छ सांगा की काही मोठी माणसं अजून परीकथांवर विश्वास ठेवतात. विषय संपला.

लायब्ररीवाली | 9 ऑक्टोबर, 23:48

विषय संपला असता तर माझी निम्मी नोकरी सोपी झाली असती. न्यू जर्सीत सार्वजनिक वाचनालयात काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

सायली, हे सर्रास होतं आणि पंचवीस वर्षं होतंय. 2000 ते 2009 या दशकात अमेरिकेतल्या वाचनालयांत सर्वाधिक तक्रारी आलेली पुस्तकं म्हणून अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत हॅरी पॉटर पहिल्या क्रमांकावर होता. 2019 च्या पहिल्या दहांतही तो परत नवव्या जागी आला. त्याच वर्षी नॅशव्हिलमधल्या एका कॅथलिक शाळेच्या फादरनी ही पुस्तकं ग्रंथालयातून काढायला लावली. यातले मंत्र खरे आहेत, मोठ्याने वाचले तर दुष्ट शक्ती जाग्या होऊ शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यात गाजला तो आर्कान्सामधल्या सीडरव्हिलचा खटला. एका पालकाची तक्रार आली, ग्रंथालय समितीच्या पंधराच्या पंधरा जणांनी पुस्तकं ठेवा म्हणून मत दिलं, पण स्कूल बोर्डाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की आईवडिलांची सही असेल तरच पुस्तक मिळेल. चौथीतल्या एका मुलीच्या घरच्यांनी कोर्ट गाठलं. बोर्डाचं म्हणणं, आम्ही बंदी कुठे घातलीय? फक्त सही आणा. 2003 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं, उघड्या फडताळावर परत ठेवा. सही आणायला लावणं म्हणजे त्या पोरीवर "हिच्या घरी असलं वाचतात" हा शिक्का बसणं, हा मुद्दा कोर्टाला पटला.

पण सायलीच्या गोष्टीत आणि यात फरक आहे. तिथे एका घराने सगळ्या गावाच्या फडताळाला हात घातला होता. या बाईने फक्त स्वतःच्या घरापुरतं सांगितलं. आमच्या काउंटरवर अशा आया येतात तेव्हा मी त्यांना दुसरी पुस्तकं काढून देते. माझ्या लेखी यात भांडण नाही.

म्हापशेकर | 10 ऑक्टोबर, 08:12

आमच्या शाळेत सातही भाग होते, आणि शाळा चर्चची. सातवा भाग सगळ्यात आधी फादरनीच नेला आणि आम्हाला तीन आठवडे थांबवलं. एवढाच काय तो धार्मिक अडथळा.

बोक्या_पुणेकर | 10 ऑक्टोबर, 08:40

@म्हापशेकर, फादरना दंड लागला का?

म्हापशेकर | 10 ऑक्टोबर, 08:44

दंड आमचो, पुस्तक तांचें.

आजोबा_चांदोबावाले | 10 ऑक्टोबर, 10:20

आम्ही चांदोबा वाचत वाढलो. विक्रम राजा दर महिन्याला स्मशानात जाऊन झाडावरचं प्रेत खांद्यावर घेई, त्या प्रेतात वेताळ. शेजारी कवट्या, कोल्हे, वीज. आई तोच अंक आम्हाला जेवताना वाचून दाखवी. कुणालाही त्यात अधर्म दिसला नाही. राक्षसाचा प्राण पोपटात असतो हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं, आणि नातवाने तो पॉटरमधला खलनायक आपला जीव वेगवेगळ्या वस्तूंत लपवतो तो हॉरक्रक्सचा प्रकार समजावून सांगितला तेव्हा मी त्याला म्हटलं, यात नवीन काय? सात पोपट!

आपला धर्म या बाबतीत ऐसपैस आहे, एवढंच म्हणतो.

मोडकतोडक | 10 ऑक्टोबर, 10:26

"सात पोपट" ला दंडवत.

औसारोड | 10 ऑक्टोबर, 13:55

आजोबा, ऐसपैस वगैरे ठीक, पण माझा अनुभव वेगळा आहे. लातूर जिल्ह्यातलं गाव. सातवीत असताना मावसभावाने पुण्याहून "हॅरी पॉटर आणि परीस" आणलं. मी चार दिवसांत फडशा पाडला आणि अंगणात पोरं जमवून लाटणं फिरवत ओरडायला लागलो, विंगार्डियम लेव्हिओसा! आजी सोप्यात शेंगा फोडत बसलेली. तिने एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा उठली. लाटणं काढून घेतलं, माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या आणि पुस्तक उतरंडीच्या तळच्या मडक्यात गेलं. ते दिवाळीनंतर मिळालं.

आजी अडाणी नव्हती, रोज हरिपाठ वाचायची. पण आमच्या भागात भानामती ही गोष्टीतली गोष्ट नव्हती. तिच्या लहानपणी शेजारच्या घरातल्या सुनेला "हिच्यामुळे कपडे पेटतात" म्हणून गावाने हाकललेलं तिने डोळ्यांनी बघितलं होतं. तिच्यासाठी न समजणाऱ्या भाषेत कुणी काठी फिरवत पुटपुटणं म्हणजे खेळ नाहीच. मी तिला सांगितलं, "अगं ही जादू आहे." ती म्हणाली, "जादू हॉटेलातल्या स्टेजवर करतात. तू करायलास ती करणी."

मला वाटतं सगळी गोम या शब्दांत आहे. मराठीत "जादू" म्हटलं की टोपीतून ससा येतो. "परीस" म्हटलं की संतांचा अभंग आठवतो. मुखपृष्ठावर "हॅरी पॉटर आणि करणी" छापलं असतं तर इथल्या किती जणांच्या आयांनी विकत घेऊन दिलं असतं? इंग्रजीत त्या बाईला "विच" हा शब्द दिसतो, आणि तिला तो आपल्या "करणी"सारखा ऐकू येत असणार.

लायब्ररीवाली | 10 ऑक्टोबर, 18:02

@औसारोड, हा प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवला. मडक्याबद्दल आजींना नमस्कार.

तर्कटराव | 10 ऑक्टोबर, 18:30

म्हणजे आजीही चूक आणि ती बाईही चूक. शब्द बदलल्याने अंधश्रद्धेची श्रद्धा होत नाही. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

औसारोड | 10 ऑक्टोबर, 18:41

आहे, आणि हवाच होता. पण तो करणीच्या नावाने माणसाला छळणाऱ्यांना लागतो, मिठाला आणि मोहरीला नाही.

सुकेळी | 10 ऑक्टोबर, 22:17

वसईची आहे, कॅथलिक, आणि काही वर्षं रविवारी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेत. म्हणून आतल्या बाजूने सांगते. सगळे ख्रिस्ती एका माळेचे मणी समजू नका, एवढी विनंती आधीच.

आक्षेपाचं मूळ जुन्या करारात, अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. शकुन पाहणारे, चेटूक करणारे, मेलेल्यांना विचारणारे तुमच्यात नसावेत, अशी ती आज्ञा. नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांत इफिस शहरातली गोष्ट येते. जादूटोणा करणाऱ्यांनी पश्चात्ताप होऊन आपली पुस्तकं चौकात आणून जाळली, आणि त्यांची किंमत मोजली तर पन्नास हजार रुपये भरली, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी. ज्यांना पुस्तकं जाळायची असतात ते हाच उतारा पुढे करतात. मी वर्गात मुलांना विचारायचे, त्यांनी कुणाची पुस्तकं जाळली? स्वतःची. शेजाऱ्याच्या कपाटातली नव्हे.

तर्कटराव, तुम्ही म्हणता ते परीकथांवर विश्वास ठेवतात. त्यांच्या बाजूने बघा. तुम्ही जादू खोटी मानता, म्हणून पोराच्या हातात निर्धास्त देता. त्यांच्या मते अदृश्य जग खरं आहे, त्यात चांगलं आहे तसं वाईटही आहे. मग "शाळेत जाऊन मंत्र शिकणारा गोड मुलगा" त्यांना तसाच वाटतो जसा तुम्हाला बुवाबाजी मजेशीर दाखवणारा सिनेमा वाटेल. मला तो निष्कर्ष पटत नाही. पण त्यांचा विचार गबाळा नाही.

आता पोपचं. "पोपने बंदी घातली" हे फॉरवर्ड खोटं आहे. निषिद्ध पुस्तकांची यादी चर्चने 1966 मध्येच बंद केली. कार्डिनल रात्झिंगर यांनी 2003 मध्ये एका जर्मन लेखिकेला पत्र लिहिलं होतं, त्यात या पुस्तकांच्या नकळत पडणाऱ्या मोहाबद्दल काळजी होती. दोन वर्षांनी ते पोप झाले आणि त्या खासगी पत्राचा फतवा झाला. पुढे 2009 मध्ये व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्राने सहाव्या सिनेमाचं कौतुक केलं.

आणि गंमत बघा. सातव्या भागात हॅरी आईबापांच्या थडग्यासमोर उभा राहतो, तिथे दगडावर कोरलेलं वाक्य करिंथकरांस पहिल्या पत्रातलं आहे, शेवटचा शत्रू मृत्यू, तोही नाहीसा होईल, असं. शेजारच्या डंबलडोर कुटुंबाच्या थडग्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानातली ओळ. मी ते पान आमच्या वर्गात वाचून दाखवलं होतं. ज्या बाईने हे पुस्तक परत केलं तिला बहुधा ते पान कुणी दाखवलेलंच नाही.

बोक्या_पुणेकर | 10 ऑक्टोबर, 22:40

शकुन पाहणारे पण बाद? मग आमचं अख्खं पंचांग गेलं की.

सुकेळी | 10 ऑक्टोबर, 22:43

गेलं. वरून तुमच्या राशिभविष्याचा कोपरा पण. :)

कोकणस्थ_कोडर | 11 ऑक्टोबर, 07:50

पुस्तकं जाळण्यावरून आठवलं. पहिला सिनेमा आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, 2001 मध्ये, न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोत एका पास्टरने पॉटरची होळी केली, आणि आपण पुस्तकं वाचलेली नाहीत हेही सांगून टाकलं. त्याच सुमारास मेनमधल्या लुइस्टन गावातही तोच बेत होता, पण अग्निशमन दलाने जाळायची परवानगी नाकारली. मग मंडळींनी कात्र्या आणल्या आणि पुस्तकं कापली.

कल्पना करा, त्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीला कात्री लावायची. चौथ्या भागापर्यंत अंगठा गेला असेल.

मोडकतोडक | 11 ऑक्टोबर, 07:58

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सरकारी परवानगी नसल्याने पाखंड जळण्यापासून वाचलं.

लायब्ररीवाली | 11 ऑक्टोबर, 17:20

यातला 2000 सालचा एक किस्सा राहिला. "ओनियन" या विनोदी वर्तमानपत्राने बातमी छापली की हॅरी पॉटर वाचून मुलं सैतानाच्या भजनी लागलीयत. सगळी मनगढंत, थट्टा म्हणून. कुणीतरी ती ईमेलवर ढकलली आणि कित्येक चर्चच्या लोकांनी खरी समजून एकमेकांना पाठवली. व्हॉट्सॲप यायच्या आधीचं व्हॉट्सॲप.

आणि सगळे ख्रिस्ती विरोधात होते असंही नाही. "ख्रिश्चॅनिटी टुडे" हे तिथलं मोठं मासिक, त्यांनी 2000 च्या सुरुवातीलाच संपादकीयात पॉटरची बाजू घेतली होती. उलट खुद्द श्रद्धाळू लेखकांनाही झळ लागलीय. मॅडेलिन लेंगल या न्यूयॉर्कच्या कॅथेड्रलमध्ये ग्रंथपालाचं काम करणाऱ्या, पक्क्या चर्चवाल्या बाई. त्यांच्या 1962 च्या "अ रिंकल इन टाइम" वर तक्रारी का? अंधाराशी लढणाऱ्यांच्या यादीत येशूबरोबर गांधी, बुद्ध, आइनस्टाइन अशी नावं आली म्हणून.

आगाऊ_आयडी | 11 ऑक्टोबर, 19:02

आता तर दुसऱ्या बाजूचे लोकही ही पुस्तकं टाकतायत, लेखिकेची ट्रान्सजेंडर लोकांबद्दलची मतं पटत नाहीत म्हणून. त्यावर कुणी बोलणार की नाही?

संपादक | 11 ऑक्टोबर, 19:30

त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे विषयाला धरून लिहावे.

उंबरठा | 11 ऑक्टोबर, 23:11

सायली, एक खवचट प्रश्न. राग नको. त्याच बाईने तुमच्या लेकीला वाढदिवसाला बायबलच्या गोष्टींचं चित्रमय पुस्तक दिलं असतं तर?

मोडकतोडक | 11 ऑक्टोबर, 23:13

पॉपकॉर्न संपले. दुसरी पिशवी फोडतो.

सायली_शार्लट | 12 ऑक्टोबर, 22:56

सगळ्यांचे आभार. @उंबरठा, तुमचा प्रश्न वाचला आणि लॅपटॉप बंद करून भांडी घासायला गेले.

कारण ते झालंय. या बाईकडून नव्हे, समोरच्या घरातल्या आजींकडून, गेल्या ख्रिसमसला. मुखपृष्ठावर नोहाची नौका, जिराफाची मान खिडकीतून बाहेर. पुस्तक छान होतं खरं तर. मी लेक शाळेतून यायच्या आत ते गॅरेजमधल्या जुन्या कपड्यांच्या पिशवीत टाकलं आणि पिशवी दान-पेटीत नेऊन सोडली. आजींना मात्र "तिला खूप आवडलं" म्हणून कार्ड पाठवलं.

माझ्याकडे अनुवादाचा अठरावा अध्याय पण नव्हता. नुसतंच पोटात कालवलं होतं. "हळूहळू ओढतील" असं काहीतरी. ही बाई निदान खिडकीशी येऊन तोंडावर बोलली.

तर्कटराव | 12 ऑक्टोबर, 23:20

दोन्हींत फरक आहे. बायबल धर्मप्रसारासाठी देतात, पॉटर करमणुकीसाठी.

सुकेळी | 12 ऑक्टोबर, 23:34

देणाऱ्या समोरच्या आजींना विचारा, त्याही "जिराफ गोड आहे म्हणून दिलं" म्हणतील. खरंच तेवढंच असू शकतं.

तर्कटराव | 12 ऑक्टोबर, 23:52

असू शकतं. पण शार्लटमध्ये अल्पसंख्याक कोण आहे तेही बघा. भोवती नव्वद घरं एका धर्माची असली की जिराफालाही वजन येतं. सायलीचं पोट उगाच कालवलं नाही.

औसारोड | 13 ऑक्टोबर, 06:40

तर्कटरावांशी पहिल्यांदाच सहमत. तारीख लिहून ठेवतो.

आजोबा_चांदोबावाले | 13 ऑक्टोबर, 09:05

मी वर "ऐसपैस" म्हटलं ते निम्मं मागे घेतो. आमच्याच वाड्यात प्लँचेट करताना सापडलो तेव्हा वडिलांनी वाटी नदीत फेकायला लावली होती. पितळेची, चांगली वाटी. वेताळ चालत होता, कारण तो अंकाच्या शेवटी झाडावर परत जाई. प्लँचेटचा कधी जाईल याची वडिलांना खात्री नसावी.

कोकणस्थ_कोडर | 13 ऑक्टोबर, 11:15

धागा वाटीवर आला. आता वाटी पितळेची की काशाची यावर प्रतिसादांचं शतक होईल.

बोक्या_पुणेकर | 13 ऑक्टोबर, 11:19

काशाची. पितळेला कल्हई लागते.

*(मधले 23 प्रतिसाद कल्हईबद्दल असल्याने वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)*

सायली_शार्लट | 30 ऑक्टोबर, 22:08

धागा वर काढते, कारण पुढचं सांगायचं राहिलं होतं.

लेकीला खरं सांगितलं. म्हटलं, तुझ्या मैत्रिणीच्या घरी जादूची पुस्तकं वाचत नाहीत, कारण त्यांना वाटतं की जादू खरी असते आणि त्यातून वाईट होऊ शकतं. लेकीने जरा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे त्यांच्या घरी जादू खरी असते? मग फक्त आपल्याकडेच नाही?" तिच्या आवाजात चक्क हेवा होता. सुकेळीताई, यावर धर्मशिक्षणाच्या वर्गात काय उत्तर देतात?

हॅलोविनचंही निभावलं. मैत्रिणीच्या घरचे लोक घरोघर फिरत नाहीत, पण त्यांच्या चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून मुलांना गोळ्या वाटतात, तिथे त्यांनी आम्हाला बोलावलं. अट एकच, भूत-चेटकीण नको. लेक पोपट झाली. (आजोबा, सात नाही, एकच.)

तिथे त्या आईने लेकीच्या हातात एक पुस्तक ठेवलं, "पॉटरच्या बदली" म्हणून. नार्निया या गोष्टींच्या मालिकेतलं, सिंह, चेटकीण आणि कपाटवालं. लेकीने गाडीत बसल्या बसल्या मुखपृष्ठ वाचलं आणि विचारलं, "आई, यात तर नावातच विच आहे. हे कसं चालतं?"

लायब्ररीवाली | 30 ऑक्टोबर, 22:31

हा हा! मेरीलँडमध्ये यावरही तक्रार झाली होती हे त्या बाईंना सांगू नका. तेवढंही पुस्तक परत मागतील.

सुकेळी | 30 ऑक्टोबर, 22:50

चालतं कारण तिथे चेटकीण ही चेटकीणच आहे, वाईट, आणि शेवटी हरते. सिंह म्हणजे येशू हे सगळ्यांना कळतं. पॉटरमध्ये नायकच जादूगार आणि त्याची शाळा आहे, तिथे त्यांची गाडी अडते. लेकीला एवढंच सांगा, ती हुशार आहे, पुढचे प्रश्न स्वतः काढेल.

हेव्याबद्दल: माझ्या वर्गातल्या एका मुलानेही अगदी तेच विचारलं होतं, फक्त उलट्या बाजूने. "टीचर, हिंदू मुलांना चालतं मग आपल्यालाच का घाबरायचं?" मी तेव्हा घंटा वाजेपर्यंत हजेरी घेत बसले.

उंबरठा | 30 ऑक्टोबर, 23:02

आणि मूळ पुस्तक? बटाटा-घुबडवालं?

सायली_शार्लट | 31 ऑक्टोबर, 07:15

आमच्या दिवाणखान्यातल्या शेल्फवर आहे. लपवलं नाही आणि पुढेही काढलं नाही. परवा मैत्रीण खेळायला आली होती. लेक बाथरूमला गेली तेव्हा ती शेल्फपाशी गेली, पुस्तक मांडीवर घेतलं, पहिलं पान उघडलं. आपलं नाव वाचलं, घुबडावरून बोट फिरवलं. मग बंद करून होतं तिथे, होतं तसंच ठेवून दिलं. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. तिने माझ्याकडे बघितलं, मी पोळीकडे बघितलं.

बोक्या_पुणेकर | 31 ऑक्टोबर, 07:22

दुसरं पान कधी उलटणार, लावता का पैज?

सुकेळी | 31 ऑक्टोबर, 07:30

पैज पण त्यांच्यात चालत नसेल हो.